भिंतीवरचा डाग काय सांगतो?
घराच्या छुप्या नुकसानीची पहिली लक्षणे कशी ओळखावीत, याची ही उजळणी

खास प्रतिनिधी

दिवाळीची साफसफाई सुरू होते. वर्षभर जागचे न हललेले कपाट दोघे मिळून पुढे ओढतात आणि मागची भिंत प्रथमच दिसते. हाताच्या पंजाएवढा काळसर डाग, त्याच्या कडेला पांढुरकी पूड आणि रंगाचे सुटलेले पोपडे. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, 'पावसाची ओल आहे, वाळेल.' रंगारी म्हणतो, 'पुट्टी भरून दोन हात देतो, काही दिसणार नाही.' कपाट पुन्हा जागच्या जागी जाते आणि विषय संपतो.

'काही दिसणार नाही' हे शब्द ऐकून आपल्याला हायसे वाटते. वास्तविक तेथेच धोक्याची सुरुवात होते. घर एका रात्रीत मोडकळीस येत नाही. ते कित्येक वर्षे आधीपासून लहानलहान खुणा देत असते. कधी एखादा डाग पडतो, कधी केसाएवढी चीर जाते, कधी कुबट वास येऊ लागतो, तर कधी दाराची चौकट अडकू लागते. या खुणा झाकण्यावर आपण जेवढा खर्च करतो, त्याच्या अंशानेही त्यांचा माग काढण्यावर करत नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच, की सर्वसामान्य सदनिकाधारकाला कोणती खूण साधी, कोणती गंभीर आणि कोणत्या वेळी तज्ज्ञाला बोलवावे हे कळावे.

डाग दिसतो तेव्हा नुकसान जुने असते

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर या शहरांतील बहुतेक इमारती प्रबलित काँक्रीटच्या, म्हणजेच बोलीभाषेत 'आरसीसी'च्या आहेत. काँक्रीट दाब सोसते आणि त्यातील लोखंडी सळया ताण सोसतात. ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते. या गुणामुळे सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो आणि तो शाबूत असेपर्यंत लोखंड गंजत नाही.

हा थर दोन कारणांनी नष्ट होतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतो आणि त्याची अल्कता कमी करतो, हे पहिले कारण. दुसरे कारण म्हणजे क्षार. समुद्राकाठची खारी हवा किंवा बांधकामात वापरलेली, नीट न धुतलेली खाडीची रेती यांतून क्लोराइड सळईपर्यंत पोहोचते. त्याला पाण्याची साथ मिळाली की गंज चढू लागतो. कोकण किनारपट्टीवर पावसाचे मान वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक आहे. त्यामुळे येथे पाण्याला तोटा नाही.

गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा व्यापते. सळई आतून फुगते आणि भोवतालच्या काँक्रीटला बाहेर ढकलते. प्रथम सळईच्या रेषेत बारीक चीर पडते. त्या चिरेतून आणखी पाणी व हवा आत जाते, गंज वाढतो आणि अखेर काँक्रीटचा ढलपा सुटून खाली पडतो. छतातून उघडी सळई दिसू लागते, तेव्हा ही प्रक्रिया सुरू होऊन बहुधा बरीच वर्षे लोटलेली असतात.

म्हणून छताच्या प्लॅस्टरवर तपकिरी, गंजाच्या रंगाचा डाग दिसला, तर त्याला साधी ओल समजू नये. पिवळसर डाग केवळ पाण्याचा असू शकतो. तांबूस-तपकिरी डाग मात्र पाणी सळईपर्यंत पोहोचल्याचे सुचवतो. असे डाग एका सरळ रेषेत किंवा चौकटीच्या नक्षीत दिसले, तर ती आतील सळयांचीच रेषा असण्याची शक्यता अधिक. अशा ठिकाणी लाकडी काठीने किंवा हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोकून पाहावे. भरीव आवाज आला तर प्लॅस्टर धरून आहे. पोकळ, बद्द आवाज आला तर ते आतून सुटले आहे. पाळणा, पलंग किंवा मुलांचे अभ्यासाचे टेबल अशा जागेखाली असल्यास ते त्याच दिवशी हलवावे.

ओल कोठून येते?

ओल दिसते एका ठिकाणी आणि तिचा उगम असतो दुसरीकडे. पाणी स्लॅबमधून, नळाच्या कडेने, विजेच्या तारांच्या पाइपातूनही वाट काढते. त्यामुळे डागाच्या बरोबर वर किंवा मागे दोष असेलच असे नाही. उगम शोधण्याचा उत्तम मार्ग म्हणजे डागाचे 'वेळापत्रक' पाहणे.

डाग केवळ पावसाळ्यात वाढत असेल आणि हिवाळ्यात सुकत असेल, तर पाणी बाहेरून येत आहे. मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात. त्यामुळे दक्षिण व पश्चिमेकडील भिंतींना पावसाचा मारा अधिक बसतो. बाहेरील प्लॅस्टरच्या चिरा, खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटी, छज्जाचा भिंतीशी असलेला सांधा आणि वातानुकूलन यंत्रासाठी पाडलेली भोके या तेथील प्रमुख वाटा होत. सर्वांत वरच्या मजल्यावर पाऊस थांबून काही तासांनी ठिबक सुरू होत असेल, तर संशय गच्चीवर घ्यावा.

डाग बारमाही असेल, तर दोष नळात किंवा नहाणीघरात आहे. धुणे झाल्यावर वा कोणी आंघोळ केल्यावर तो गडद होत असेल, तर सांडपाण्याचा नळ किंवा नहाणीघराची जमीन गळत आहे. तो दिवसरात्र सारखाच ओला राहत असेल, तर सदैव दाबाखाली असलेली पाण्याची वाहिनी फुटली असण्याची शक्यता अधिक.

तळमजल्यावर भिंतीच्या खालच्या भागात, जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पट्ट्यासारखी ओल चढली असेल, तर ती जमिनीतून वर येणारी आहे. पाणी वर चढताना मातीतील व विटांतील क्षार घेऊन येते. पाणी उडून जाते आणि क्षार भिंतीवर पांढऱ्या पुडीच्या रूपाने उरतात. यालाच आपण 'लोणा लागला' असे म्हणतो. लोणा लागलेल्या भिंतीवर वरून कितीही महागडा रंग दिला, तरी तो टिकत नाही, कारण क्षार रंगाच्या मागून त्याला ढकलत राहतात.

ओल भिंतीतून येते की खोलीतील दमट हवेची आहे, अशी शंका असल्यास एक साधी चाचणी घरच्या घरी करता येते. फूटभर चौरस प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा. कागदाच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडील बाजूला पाण्याचे थेंब जमले तर ओल भिंतीत आहे. खोलीकडील बाजू ओलसर झाली तर दोष हवेचा आहे. अशा वेळी खोलीत वारा खेळता ठेवणे आणि कपाट भिंतीपासून चार बोटे दूर सरकवणे, एवढ्यानेही फरक पडतो.

डोळ्यांआधी नाकाला ओल कळते, हेही लक्षात ठेवावे. कपाट उघडताच येणारा कुबट वास, खणात अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद मऊ पडणे, चामड्याच्या चपलांवर किंवा पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी धरणे ही भिंतीतील ओलीची आरंभीची लक्षणे असू शकतात. दमेकऱ्यांना आणि लहान मुलांना या बुरशीचा विशेष त्रास होतो.

ओलीशी विजेचा संबंध आला की प्रश्न केवळ भिंतीचा राहत नाही. स्विचबोर्डला हात लावताच झिणझिण्या येणे, बोर्डाभोवती काळसर डाग पडणे किंवा पावसाळ्यात गळतीरोधक स्विच वारंवार पडणे याचा अर्थ ओल तारांपर्यंत पोहोचली असण्याचा संभव आहे. घरगुती वापराचा हा स्विच साधारणतः ३० मिलिअँपिअर इतक्या अल्प गळतीलाही प्रवाह तोडतो. तो वारंवार पडतो म्हणून काढून टाकणे हा आत्मघात आहे. मुख्य स्विच बंद करून परवानाधारक तारतंत्र्याला बोलवावे.

प्रत्येक तडा सारखा नसतो

भिंतीला तडा दिसला की काही जण घाबरून जातात, तर काही जण वर्षानुवर्षे दुर्लक्ष करतात. दोन्ही टोके चुकीचीच. तडा कोठे आहे, कोणत्या दिशेने गेला आहे, किती रुंद आहे आणि तो वाढतो आहे का, हे चार प्रश्न विचारले की बराच उलगडा होतो.

जाळीसारख्या पसरलेल्या, केसाएवढ्या बारीक चिरा बहुधा प्लॅस्टर सुकताना आकसल्यामुळे पडतात. त्या फक्त वरच्या थरात असतात. विटांची भिंत आणि काँक्रीटची तुळई किंवा खांब जेथे एकत्र येतात, तेथे सरळ रेषेत जाणारी चीरही पुष्कळ घरांत दिसते. दोन्ही पदार्थ ऊन-थंडीत वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण व आकुंचन पावतात, हे तिचे कारण. गच्चीखालच्या मजल्यावर स्लॅबच्या लगत आडवी चीर दिसते, तीही बऱ्याचदा तापलेल्या गच्चीच्या प्रसरणामुळे पडते. अशा चिरा बुजवाव्यात, कारण त्यांतून पाणी शिरते. पण त्यांनी झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

खिडकी वा दाराच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी चीर ही मधल्या वर्गातली. चौकटीच्या कोपऱ्यावर ताण एकवटतो, म्हणून ती पडते. तिच्यावर लक्ष ठेवावे.

गंभीर खुणा निराळ्या आहेत. खांबाच्या कोपऱ्यालगत वरून खाली जाणारी उभी चीर, तुळईच्या खालच्या कडेला समांतर जाणारी चीर, तुळईच्या टोकाशी खांबाजवळ पडलेली तिरपी चीर, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारा तडा आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकाच ठिकाणी दिसणारा आरपार तडा. यांपैकी पहिल्या दोन बहुधा आतील सळया गंजल्याच्या असतात. तुळईच्या टोकाजवळची तिरपी चीर भार झेपत नसल्याची शंका उत्पन्न करते. पायऱ्यांचा तडा पाया असमान खचत असल्याचे सुचवतो. शेजारच्या भूखंडावर पुनर्विकासासाठी खोल खोदकाम सुरू असताना असे तडे नव्याने दिसू लागले, तर ही बाब सोसायटीने विनाविलंब लेखी स्वरूपात संबंधितांच्या आणि महापालिकेच्या नजरेस आणावी.

काँक्रीटच्या आराखड्यासाठीचे भारतीय मानक, आयएस ४५६, सर्वसाधारण परिस्थितीत ०.३ मिलिमीटरपर्यंतची चीर चालवून घेते. घरी मोजपट्टी नसली तरी अंदाज घेता येतो. बँकेचे कार्ड सुमारे पाऊण मिलिमीटर जाडीचे असते. खांबाच्या किंवा तुळईच्या चिरेत त्याची कड शिरत असेल, तर तज्ज्ञाला दाखवण्यास उशीर करू नये.

तडा वाढतो आहे का, हे पाहण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी आहे. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहावी. तड्याच्या आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना घट्ट चिकटवावी. भिंत हलली तर काच तडकते. महिन्यातून एकदा त्याच जागेचे, शेजारी नाणे धरून छायाचित्र घ्यावे. स्थिर तडा सहसा सावकाश दुरुस्त करता येतो, वाढता तडा मात्र वाट पाहत नाही.

दारे-खिडक्याही साक्ष देतात. पावसाळ्यात लाकूड फुगून दार अडकते, हा सर्वांचा अनुभव आहे. पण मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेतही दार अडकू लागले किंवा चौकटीवरील फट एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद दिसू लागली, तर चौकट नव्हे, तिच्याभोवतीची भिंत सरकत असावी. जमिनीवर ठेवलेली गोटी नेहमी एकाच दिशेला घरंगळत जाते का, हेही पाहावे. फरशी मुळातच उतरती बसवलेली असू शकते, म्हणून जुना उतार आणि नव्याने आलेला उतार यांत भेद करावा.

लाकडाला आतून लागणारी कीड

वाळवीला उजेड आणि कोरडी हवा सोसत नाही. म्हणून ती लाकूड आतून खाते आणि वरचा पातळ पापुद्रा शाबूत ठेवते. चौकट दिसायला धडधाकट असते आणि एके दिवशी बोट लावताच आत जाते. वाळवीची सर्वांत सहज दिसणारी खूण म्हणजे मातीचे बोगदे. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, मातीच्या या नळ्या जमिनीलगतच्या भिंतीवर, चौकटीच्या मागे, सिंकखालच्या कपाटात किंवा वाहिन्यांच्या फटीत आढळतात. नळीचा मधला तुकडा मोडून ठेवावा. काही दिवसांत ती पुन्हा जोडली गेली, तर वस्ती जिवंत आहे असे समजावे.

पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाले किडे जमतात आणि सकाळी खिडकीपाशी पंखांचा खच पडतो. हे किडे बाहेरून आले असतील तर चिंता नाही. खिडक्या बंद असतानाही पंख घरातच सापडत असतील, तर वारूळ जवळपासच आहे. लाकडावर टाचणीच्या टोकाएवढी गोल भोके आणि खाली पिठासारखा भुगा दिसला, तर ते काम लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यांचे. त्यावरचा उपाय वेगळा असतो. म्हणून कीडनियंत्रण करणाऱ्याला भुगा आणि माती यांतील फरक आवर्जून दाखवावा.

पुण्याच्या पेठांतील किंवा वाई, सातारा, नाशिक येथील जुन्या वाड्यांत लाकूड हे शोभेचे नसून आधाराचे असते. तेथे खांबांचे पाय आणि तुळयांची भिंतीत गेलेली टोके ही सर्वांत नाजूक ठिकाणे होत. ओल तेथेच मुरते, हवा तेथे पोहोचत नाही आणि नजरही जात नाही. टोकदार सुईने किंवा पेचकसाने त्या जागी हलके टोचून पाहावे. निरोगी लाकूड सुईला विरोध करते, कुजलेले लाकूड तिला वाट देते. अशा वाड्यात वरच्या मजल्याची जमीन पाऊल टाकताच झुलू लागली असेल, तर तेथे धान्याची पोती, पुस्तकांची कपाटे किंवा पाण्याची टाकी ठेवू नये.

नहाणीघर आणि गच्ची

सदनिकांमधील भांडणांचे मूळ कोठे असेल, तर ते वरच्या मजल्याच्या नहाणीघरात. बहुसंख्य इमारतींत नहाणीघराचा स्लॅब थोडा खाली घेतलेला असतो आणि तो खोलगट भाग विटांच्या तुकड्यांनी व सिमेंटने भरून वर फरशी बसवतात. फरशीच्या सांध्यांतून झिरपलेले पाणी या खोलगट भागात, वाडग्यात साठावे तसे साठते. ते खाली उतरण्यास कित्येक महिने लागतात. म्हणूनच वरच्यांनी नळ दुरुस्त केल्यावरही खालच्यांचा डाग लगेच सुकत नाही आणि वादाला तोंड फुटते.

वाद घालण्यापेक्षा चाचणी करावी. खालच्या छतावरील डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारून तारीख घालावी. वरच्या नहाणीघराच्या जाळीत बोळा बसवून जमिनीवर इंचभर पाणी भरावे, भिंतीवर पातळीची खूण करावी आणि चोवीस तास वाट पाहावी. पाण्यात रंग मिसळला तर माग अधिक स्पष्ट लागतो. पातळी लक्षणीय घटली किंवा खालचा डाग पुढे सरकला तर दोष जमिनीत आहे. काहीच फरक पडला नाही, तर प्लंबरकडून भिंतीतील वाहिन्यांची दाबचाचणी करून घ्यावी. दोन्ही घरांतील मंडळी उपस्थित असताना ही चाचणी झाली, तर पुढचे अनेक कागद वाचतात.

सांधे काळे पडलेल्या, पाय ठेवताच किंचित हलणाऱ्या किंवा ठोकल्यावर पोकळ वाजणाऱ्या फरशा ही गळतीची पूर्वसूचना होय. केवळ वरून सांधे भरल्याने काही काळ आराम पडतो, परंतु खालचा जलरोधक थर निकामी झाला असेल तर फरशी काढण्यास पर्याय नसतो.

गच्चीवर पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशीही पाणी साचून राहत असेल, तर उतार बिघडला आहे. पन्हळीचे तोंड पाल्याने बुजणे हे गळतीचे अत्यंत क्षुल्लक आणि अत्यंत सामान्य कारण आहे. गळती थांबत नाही म्हणून जुन्या थरावर नवा थर, त्यावर आणखी एक थर चढवण्याची प्रथा मात्र घातक आहे. विटांच्या तुकड्यांचा प्रत्येक थर इमारतीवर टनावारी वजन टाकतो आणि मूळ आराखड्यात त्याचा हिशेब धरलेला नसतो.

बाहेरच्या भिंतीवर, विशेषतः सांडपाण्याच्या नळांजवळ उगवलेले वड-पिंपळाचे रोप हीदेखील एक खूण आहे. रोप उगवले, म्हणजे तेथे सतत पाणी आहे आणि मूळ धरण्याइतकी चीर आहे. वरून छाटल्याने ते पुन्हा फुटते. मुळासकट काढून चीर बुजवणे आणि नळ दुरुस्त करणे, हे तिन्ही उपाय एकत्रच करावे लागतात.

सजावटीच्या आड

अलीकडे घरांच्या अंतर्गत सजावटीत खोटी छते, भिंतींवरील लाकडी वा प्लॅस्टिकची आवरणे आणि संपूर्ण भिंत झाकणारी कपाटे सर्रास आढळतात. घर देखणे होते, पण त्याच वेळी स्लॅब आणि भिंती नजरेआड जातात. खोटे छत करायचेच असेल, तर त्यात तपासणीसाठी उघडता येणारी एखादी झडप ठेवण्याचा आग्रह धरावा. मधला खांब अडचणीचा वाटतो म्हणून त्याला खाच पाडणे, वातानुकूलनाची नळी नेण्यासाठी तुळईला भोक पाडणे, भिंत हलवणे, हे बदल कंत्राटदाराच्या भरवशावर कधीही करू नयेत.

याची किंमत मुंबईने मोजली आहे. २७ सप्टेंबर २०१३ रोजी माझगाव येथील बाबू गेनू मंडईची इमारत कोसळून ६१ जणांचे प्राण गेले. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर येथील निवासी इमारत कोसळून १७ जण दगावले. दोन्ही दुर्घटनांनंतर तळमजल्यावर करण्यात आलेल्या फेरबदलांवर बोट ठेवले गेले. आपल्या घरातील खांब हा केवळ आपला नसतो. वरच्या प्रत्येक कुटुंबाचा भार त्यावर असतो.

जुनी सदनिका विकत घेणाऱ्यांनी तर ती शक्यतो भर पावसाळ्यात पाहावी. एकाच भिंतीला वा छताच्या एकाच चौकोनाला दिलेला ताजा रंग, बाकी घर जुने असताना एकाच खोलीत केलेले खोटे छत आणि उगीच भिंतीला टेकवून ठेवलेले फर्निचर यांकडे संशयाने पाहण्यात गैर काही नाही. खालच्या मजल्यावरील रहिवाशांशी पाच मिनिटे बोलल्यास दलालाने न सांगितलेली बरीच माहिती मिळते.

वर्षातून दोन फेऱ्या

घराची तपासणी वर्षातून दोनदा करावी. पहिली मे महिन्यात, पावसापूर्वी. त्या वेळी गच्ची, पन्हळी, खिडक्यांचे सांधे व बाहेरील चिरा पाहाव्यात. दुसरी दिवाळीच्या साफसफाईत, कारण पावसाने दाखवलेले दोष तेव्हा ताजे असतात आणि कपाटेही हललेली असतात. एक वही करावी. त्यात खोलीनिहाय खुणा, तारखा आणि छायाचित्रे ठेवावीत. तज्ज्ञ येईल तेव्हा 'डाग केव्हापासून आहे?' हा त्याचा पहिला प्रश्न असतो आणि बहुतेकांना त्याचे उत्तर देता येत नाही.

जबाबदारी कोणाची?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरील भिंती, सामाईक जलवाहिन्या व सांडपाण्याचे नळ आणि गच्चीतून होणारी पावसाची गळती यांची दुरुस्ती संस्थेने करावयाची असते. सदनिकेच्या आतील दुरुस्ती सभासदाने स्वखर्चाने करावयाची असते. तक्रार नेहमी लेखी द्यावी, सोबत छायाचित्रे जोडावीत आणि पोच घ्यावी.

याच उपविधींत संरचनात्मक तपासणीची, म्हणजेच 'स्ट्रक्चरल ऑडिट'ची तरतूद आहे. १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरील इमारतीची दर तीन वर्षांनी तपासणी व्हावी, असे त्यात नमूद आहे. मुंबई महापालिका अधिनियमातील कलम ३५३ ब नुसार ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची महापालिकेकडे नोंदणीकृत अभियंत्याकडून तपासणी करून प्रमाणपत्र सादर करणे बंधनकारक आहे. राज्यातील इतर महापालिकांसाठी अशीच तरतूद कलम २६५ अ मध्ये आहे. मुंबई शहरातील उपकरप्राप्त जुन्या इमारतींची दुरुस्ती म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाच्या अखत्यारीत येते.

तपासणीत अभियंता केवळ डोळ्यांनी पाहत नाही. विशिष्ट हातोडीच्या उसळीवरून काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कणखरपणा कळतो. ध्वनिलहरींच्या वेगावरून आतील पोकळ्यांचा अंदाज येतो. विद्युतविभव मोजून सळया गंजत असल्याची शक्यता तपासतात. काँक्रीटच्या ताज्या तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलिनचा द्राव शिंपडला असता निरोगी भाग गुलाबी होतो आणि अल्कता गमावलेला भाग रंगहीन राहतो. अहवालात यांपैकी कोणत्या चाचण्या, कोठे आणि किती ठिकाणी केल्या हे नमूद आहे का, ते सभासदांनी पाहावे. एकही चाचणी नसलेला चार ओळींचा दाखला हा तपासणी अहवाल नव्हे.

मुंबईत या अहवालांच्या आधारे इमारतींची वर्गवारी होते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडावयाची इमारत. सी-२ अ मध्ये काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-२ ब मध्ये रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती आणि सी-३ मध्ये किरकोळ दुरुस्ती अपेक्षित असते. दोन अहवालांत तफावत असल्यास प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे जाते. घर रिकामे करण्याची नोटीस हाती पडली की पुनर्विकासाचे राजकारण, भाडेकरूंचे हक्क, पर्यायी जागा असे अनेक प्रश्न उभे राहतात. ते प्रश्न खरे आहेत. मात्र खुणा सी-३च्या टप्प्यावर असतानाच दुरुस्ती झाली, तर पुष्कळ कुटुंबांवर ही वेळ येणार नाही.

या खुणा दिसताच बाहेर पडा

काही लक्षणांची नोंद करत बसू नये. एखाद्या तड्याची रुंदी तासातासाला वाढताना दिसणे, खांबाचे काँक्रीट फुटून सळया बाहेर वाकणे, भिंतीतून किंवा स्लॅबमधून कडकड आवाज येणे, छतातून सतत माती व खडी गळू लागणे, एकाच वेळी अनेक दारे-खिडक्या अडकणे, यांपैकी काहीही घडले तर सामान गोळा न करता सर्वांनी तत्काळ बाहेर पडावे, शेजाऱ्यांना उठवावे आणि इमारतीपासून दूर उभे राहावे. मुंबईत महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा दूरध्वनी क्रमांक १९१६ आहे, तर ११२ हा क्रमांक राज्यात सर्वत्र चालतो. लिफ्टचा वापर टाळावा. अधिकाऱ्यांनी पाहणी करून परवानगी देईपर्यंत दागिने वा कागदपत्रे आणण्यासाठीही आत जाऊ नये.

सुदैवाने अशी वेळ फार थोड्या घरांवर येते. बहुतेक घरे आपल्याला वर्षानुवर्षांची सवलत देतात. त्या सवलतीचा उपयोग कसा करायचा, हे मात्र आपल्या हाती असते. यंदा दिवाळीला कपाट पुढे ओढाल आणि मागे डाग दिसेल, तेव्हा रंगाऱ्याला बोलावण्याआधी पेन्सिल घ्या, डागाभोवती रेघ मारा आणि तारीख लिहा. रंग त्यानंतरही देता येईल.